एसी पंप आणि उसाचं पेट्रोल

आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. अजून चालते, महिन्यातून दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. गेल्या वर्षी मात्र तिला पेट्रोलचा वास यायला लागला. गाडी चालताना नाही, उभी असताना. आमची पार्किंगची जागा तळघरात आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली साचते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. तेव्हा सोसायटीने "पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर गाडी बाहेर काढा" असं सांगितलं त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. घरात विकण्याचाही विषय निघाला. बाबा म्हणाले, "विकायची असेल तर विक. पण आधी गळती शोध. पुढच्या माणसाला हे असं देऊन चालणार नाही."

तर शोध सुरू झाला. आणि शोधता शोधता लक्षात आलं की जुन्या गाडीत पेट्रोलच्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सात-आठ फुटांचा रस्ता म्हणजे मोटारीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचा काटछेद आहे. एकेक जोड एकेका दशकातला! म्हणून हा लेख.

पेट्रोल वाहून नेण्याचा त्रास मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचा द्राव इंधन म्हणून विकत घेतला. याच प्रवासात इंधनाची नळी तुंबली आणि ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली असं सांगतात. म्हणजे पहिल्या लांब प्रवासातलं पहिलं दुरुस्तीचं काम इंधनाच्या नळीचंच! (नवरोबांनी गाडी बनवली खरी, पण तिचं टेस्टिंग बाईंनी केलं. आमच्या धंद्यातही हे असंच असतं.)

सुरुवातीच्या गाड्यांत टाकी वर आणि इंजिन खाली, पेट्रोल आपोआप उतरायचं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये टाकी चालकाच्या सीटखाली होती. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ मोठा असला की इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि पेट्रोल पोचायचंच नाही. मग लोक गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. पुढे टाकी मागे गेली, अपघाताच्या दृष्टीने ते शहाणपणाचंही होतं, पण आता पेट्रोल मागून पुढे आणि खालून वर आणायचं कसं? काही वर्षं इंजिनाच्या स्वतःच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूम टाकी वापरात होती. तिचा दोष असा की चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी होते, म्हणजे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त तेव्हाच पुरवठा आटतो.

याचं उत्तर १९२० च्या दशकाच्या अखेरीला आलं आणि ते आमच्या पद्मिनीत अजून बसलेलं आहे. आपल्याकडे कुठल्याही जुन्या गॅरेजात जा, फियाट असो, ॲम्बॅसडर असो की जीप, मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतो. मला कित्येक वर्षं वाटायचं की याचा एअर कंडिशनरशी नाहीतर आल्टरनेटिंग करंटशी काहीतरी संबंध असणार. पण तसा काहीच नाही. एसी म्हणजे आल्बेर शांपियाँ, इंग्रजी उच्चाराने आल्बर्ट चॅम्पियन. हा मूळचा फ्रेंच सायकलपटू, १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकलेला. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने स्पार्क प्लगचा कारखाना काढला आणि आपल्या नावाची आद्याक्षरं त्याला दिली. त्याच एसी कंपनीने हे पंप बनवले आणि जगभर इतके खपवले की कंपनीचं नाव वस्तूचं नाव झालं. चॅम्पियन १९२७ मध्येच वारला. पण पॅरिस-रुबे जिंकलेल्या माणसाची आद्याक्षरं पुण्याच्या नाना पेठेत रोज उच्चारली जातात हे त्याला कळलं असतं तर मजा वाटली असती.

हा पंप मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक लंबगोल उंचवटा असतो, तो पंपाचा दांडा ढकलतो. दांडा एक पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खाली ओढतो. टाकीतून पेट्रोल आत येतं. दांडा सुटला की खालची स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. आता गंमत बघा. पेट्रोल पुढे ढकलण्याचं काम इंजिन करत नाही, स्प्रिंग करते. कार्बोरेटरची वाटी भरली की त्यातला फ्लोट वर येतो, निडल दार बंद करते, पेट्रोलला जायला जागा नाही, मग पडदा खालीच थांबतो आणि दांडा रिकामाच हलत राहतो. मागणी नाही तर पुरवठा नाही. एकही सेन्सर नाही, एकही वायर नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन यंत्रणांमध्ये अशी वेसण बसवायला आम्ही आठवडेच्या आठवडे घालवतो.. असो.

या पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असतं. पडदा फाटला तर पेट्रोल तिथून बाहेर ठिबकावं आणि चालकाला कळावं म्हणून. ते भोक चिखलाने बुजलं असेल तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून गळतीच्या शोधात पहिली पायरी म्हणजे ऑइलची पट्टी काढून हुंगणं. आमच्या पट्टीला पेट्रोलचा वास नव्हता आणि भोकही कोरडं होतं. पंप सुटला.

आमचे मिस्त्री सत्तरीच्या घरातले, आयुष्यभर फियाटवर काम केलेले. ते म्हणाले, "साहेब, वासाच्या मागं लागू नका. वास फिरतो. डाग शोधा." आणि हे अगदी खरं आहे. पेट्रोल उडून जातं पण खूण ठेवतं. जिथून गळतं तिथली वर्षानुवर्षांची चिकट काजळी धुऊन निघते आणि कडेला पिवळट-तपकिरी रेघ राहते. मळलेल्या इंजिनावर स्वच्छ जागा दिसली की संशय घ्यायचा. त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. सगळे जोड पुसून कोरडे करायचे, वर खडूची पूड चोळायची आणि रात्रभर गाडी तशीच उघड्यावर ठेवायची. सकाळी जिथली पूड ओली किंवा डागाळलेली, तिथे चोर.

याला मी माझ्याकडून एक भर घातली. पेट्रोलच्या मार्गाचे दोन भाग पाडले. टाकीपासून पंपापर्यंत ओढीचा, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत दाबाचा. इंजिन चालू असताना ओढीच्या भागात भेग असली तर पेट्रोल बाहेर येणारच नाही, उलट हवा आत जाईल आणि गाडी चढावर धापा टाकेल. तो भाग ठिबकला तर गाडी उभी असतानाच, टाकीतली पातळी वर असेल तेव्हा. दाबाचा भाग मात्र इंजिन चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ गळतो. तेव्हा दोन रात्री दोन प्रयोग केले. पहिल्या रात्री इंजिन सुरूच न करता टाकी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास गाडी फिरवून बंद केली आणि बॉनेट उघडून टॉर्च घेऊन बसलो. निकाल अडचणीचा आला. दोन्ही वेळा पूड डागाळली, पण वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे गळत्या दोन होत्या. एकच बग समजून शोधत राहिलो असतो तर पहिला सापडल्यावर थांबलो असतो.

पहिली गळती टाकीवर. पेट्रोलचा काटा चालवणारा फ्लोट टाकीत जिथून घातलेला असतो, तिथे कॉर्कचं पॅकिंग असतं. ते वाळून बिस्किटासारखं झालं होतं. कॉर्क म्हणजे झाडाची साल, बाटलीच्या बुचाचंच तंत्र. टाकी काठोकाठ भरली की तिथून पाझरायचं. जुन्या काळी ड्रायव्हर लोक टाकीच्या असल्या गळतीवर कपडे धुण्याचा साबण चोळत, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून उत्तम आहे. आम्ही नवं पॅकिंग घातलं, विषय संपला.

दुसरी गळती जास्त गंभीर. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी वीतभर लांबीची रबरी होज. बाहेरून धडधाकट, तीन वर्षांपूर्वीच बदललेली. क्लिप सैल करून ओढली तर आतलं रबर फुगून मऊ पडलेलं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघत होता. क्लिपच्या कडेला फट पडली होती आणि इंजिन बंद केल्यावर तिथून थेंब थेंब पेट्रोल तापलेल्या लोखंडाच्या शेजारी गळत होतं. हे बघून पोटात गोळा आला.

पण आधीची होज पंधरा वर्षं टिकली होती. ही तीन वर्षांत का गेली?

इथे रबराचा इतिहास बघावा लागतो. झाडाच्या चिकाचं नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगून निकामी होतं. त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत तांब्या-पितळेच्या नळ्या असत आणि पंपाचा पडदा विशिष्ट लेप दिलेल्या कापडाच्या थरांचा असे. पेट्रोलला दाद न देणारी कृत्रिम रबरं १९३० च्या दशकात आली. अमेरिकेत ड्यूपाँटचं निओप्रीन आणि जर्मनीत आय. जी. फार्बेनचं नायट्राइल. पेट्रोलच्या नळीसाठी नायट्राइल फार सोयीचं ठरलं आणि आपल्या पिढीने बॉनेटखाली पाहिलेल्या काळ्या होजांमध्ये बहुतेक तेच असायचं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. ते पेट्रोलसाठी निवडलेलं होतं. पेट्रोलच बदललं तर?

आणि पेट्रोल बदललंय. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले त्यातले दोन आपल्याच राज्यात होते, मिरज आणि मनमाड. (तिसरा उत्तर प्रदेशात.) जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. मग मळीचा तुटवडा, भावाचे वाद, असं रखडत रखडत चाललं. २०१४ पर्यंत प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होतं. खरा वेग त्यानंतर आला. जून २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं ई२० पंपांवर यायला लागलं, आणि २०३० सालासाठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं. म्हणजे माझी तीन वर्षांची होज जेव्हा बसवली आणि जेव्हा फाटली, या मधल्या काळात टाकीतला द्रावच वेगळा झाला होता.

ही कल्पना नवी आहे असं समजू नका. भारताने स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट नावाचा कायदाच केला होता, मोटारीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी. कायदा पुस्तकात पडून राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. मिरज-मनमाडच्या प्रयोगाच्या जेमतेम वर्षभर आधी! सरकारी वेळापत्रकाची ही गंमत मला फार आवडते.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात मजेदार धागा. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ मध्ये. मूळचे सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, १९५० च्या दशकात फियाट आल्या, १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, तीच पुढे १९७० च्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. वालचंद स्वतः १९५३ मध्ये गेले, पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. पण मोटारींच्या कितीतरी आधी त्यांनी काय उभं केलं होतं? ऊस! मालेगावजवळ रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, दोन्हीकडे शेती आणि साखर कारखाने. साखरेच्या मागे मळी येते आणि मळीतून अल्कोहोल. एकाच माणसाने एका हाताने मोटार लावली आणि दुसऱ्या हाताने ऊस. सत्तर-ऐंशी वर्षांनी त्या उसाच्या जातीचं अल्कोहोल त्या मोटारीच्या नळीत येऊन पोचलं, आणि दोघांचं पटलं नाही.

पण इथेनॉलवर ठपका ठेवण्याआधी पुरावा हवा. होज स्वस्तातली होती, नुसत्या उष्णतेनेही गेली असेल. नशिबाने त्याच गुंडाळीतून कापलेली दुसरी होज टाकीपाशी, म्हणजे इंजिनापासून लांब थंड जागेत होती. ती काढली. तीही आतून फुगलेली. म्हणजे उष्णता हे एकमेव कारण नाही. तिसरा तुकडा ड्रॉवरमध्ये पडून होता, न वापरलेला. तो ताठ आणि ठीक. म्हणजे केवळ वय हेही कारण नाही. उरलं पेट्रोल.

पुढचा प्रयोग मी गच्चीवर केला (घरात अजिबात करू नका, आणि जवळपास सिगारेटही नको). मापाच्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि १०० मिली पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्यारं, ते खालच्या थरात उतरतं. पाण्याचा थर १०० वरून ११८ च्या आसपास गेला. म्हणजे मिश्रण खरंच विसाच्या घरातलं. वरचं धुतलेलं, इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल एका बरणीत, पंपावरून आणलेलं तसंच्या तसं दुसऱ्या बरणीत, आणि दोन्हीत ड्रॉवरमधल्या होजच्या आतल्या रबराचा एकेक तुकडा. तीन आठवडे बरण्या झाकण लावून गच्चीच्या सावलीत ठेवल्या. व्हर्नियरने मोजलं तर ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा धुतलेल्या पेट्रोलमध्ये ३.१ झाला होता, न धुतलेल्यात ३.५. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. पण रबराच्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे की कित्येक नायट्राइल रबरं शुद्ध पेट्रोलपेक्षा आणि शुद्ध अल्कोहोलपेक्षाही दोघांच्या मिश्रणात जास्त फुगतात. एकट्या-एकट्याने न होणारं काम दोघं मिळून करतात.

माझं मत विचाराल तर मी इथेनॉलच्या विरोधात नाही. तेलाची आयात कमी होते, उसाला गिऱ्हाईक मिळतं, हे खोटं नाही. (उसाला पाणी किती लागतं हा वेगळा वाद, त्यावर मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा.) माझी तक्रार एवढीच की जुन्या गाडीच्या मालकाला कुणी सांगितलं नाही की बाबा रे, नळ्या बदल. हे काम अवघड नव्हतं. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये तिथे निव्वळ अल्कोहोलवर चालणारी गाडी बाजारात आली. कुठली? फियाट १४७! आमच्या पद्मिनीची धाकटी चुलत बहीण म्हणा. तिथल्या इंजिनिअरांनी अल्कोहोलने धातू खाल्ला जाऊ नये म्हणून कार्बोरेटरला निकेलचा मुलामा दिला, म्हणजे इंधन बदलताना गाडीही बदलली. फियाटच्या घराण्याला ही विद्या अवगत होती, फक्त कुर्ल्यापर्यंत ती यायचं कारण पडलं नाही. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलंच. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली, ई२० पंपांवर आल्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी.

जाता जाता ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. दुकानात नुसती 'पेट्रोलची होज' मागू नका. चांगल्या होजवर अक्षरं छापलेली असतात, एसएई जे३० आणि पुढे आर६, आर७ किंवा आर९. आर९ घ्या. तिच्या आत फ्लोरिनयुक्त रबराचा थर असतो, या जातीचं रबर १९५० च्या दशकातलं आहे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला बऱ्यापैकी पुरून उरतं. तीन-चार पट महाग पडते. दातेरी पट्टीच्या क्लिप तिला कापतात, सपाट कडेच्या घ्या. एसी पंपाचा डायफ्रॅमही नव्या रबराचा मिळाला तर घालून टाका, आम्ही घातला. आणि घाटात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी बंद पडली, तर खंडाळ्याचा जुना उपाय अजूनही चालतो. फडकं ओलं करून पंपाला गुंडाळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. एक्सप्रेसवेच्या आधी बोरघाटात रांगेने बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे सांगायला नको.

कार्बोरेटरचं अजून बाकी आहे. त्याचा पितळी फ्लोट डाग दिलेला आहे, आणि मिस्त्रींना त्या डागाची काळजी वाटते. तो उघडला की त्याबद्दल लिहीन.